वेध, मोजणी आणि टपाल

डिसेंबर १८२३ मध्ये जर्मन गणितज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ कार्ल फ्रीडरिख गाउसने मारबुर्गच्या क्रिस्टियान गेर्लिंगला लिहिलेले एक पत्र टपालाची वेळ टळल्यामुळे ग्योटिंगेनमध्ये त्याच्याकडेच परत आले. पत्र आता पुढच्या टपालानेच जाणार होते. तेव्हा गाउसने ते पुन्हा उघडले आणि त्याला एक पुरवणी जोडली. गेर्लिंग तेव्हा हेसन संस्थानाच्या त्रिकोणमितीय मोजणीत गुंतला होता आणि प्रत्येक ठाण्यावर मोजलेल्या कोनांचा मेळ घालताना येणारी समीकरणे सोडवणे त्याला जड जात होते. २६ डिसेंबरच्या त्या पुरवणीत गाउसने ती समीकरणे पायरीपायरीने, अंदाज सुधारत सुधारत सोडवण्याची एक रीत प्रत्यक्ष आकडे मांडून दाखवली आणि शेवटी लिहिले की ही रीत एकदा हाताला बसली की दोनपेक्षा जास्त अज्ञात राशी असताना तुम्ही पुन्हा जुन्या मार्गाला जाणार नाही, कारण हे काम अर्धवट झोपेतही करता येते, किंवा ते करता करता दुसऱ्या गोष्टींचा विचार करता येतो. आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना गाउस-सायडेल या नावाने जी पद्धत शिकवली जाते, तिचा उगम या टपाल चुकलेल्या पत्रात आहे.

मी व्यवसायाने सर्वेक्षक आहे. राहायला ठाण्यात आणि काम बहुतेक ठाणे-बेलापूर पट्ट्यात, त्यामुळे ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये जो वेळ मिळतो त्यात गेली काही वर्षे मी एकोणिसाव्या शतकातल्या खगोलशास्त्रज्ञांची छापील पत्रे वाचत आलो आहे. गाउस आणि शूमाखर यांचा पत्रव्यवहार १८६० ते १८६५ या काळात सहा खंडांत प्रसिद्ध झाला, गाउस आणि बेसेल यांचा १८८० साली. ही पत्रे वाचताना माझे एक मत पक्के होत गेले. पत्र लिहिणे हा त्यांच्या मोजणीचाच एक टप्पा होता. ग्रंथात छापलेला आकडा नीट धुऊन-पुसून आलेला असतो. तो आकडा तसा होण्याआधी कोणाच्या घड्याळाशी, कोणाच्या डोळ्याशी आणि कोणाच्या शंकेशी घासला गेला, हे पत्रांत दिसते. एकट्याने घेतलेल्या वेधातली कायमची चूक एकट्याला कधीच सापडत नाही, आणि हे त्या लोकांना आपल्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक होते.

गेर्लिंगच्या पत्राकडेच पुन्हा वळतो, कारण सर्वेक्षकाला त्यातली बारकाई लगेच भावते. एका ठाण्यावरून चार ठिकाणांचे परस्पर कोन अनेकदा मोजले, तर प्रत्येक जोडीचा कोन स्वतंत्रपणे थोडा थोडा चुकलेला असतो आणि सगळे कोन एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. लघुतम वर्गांच्या पद्धतीने, म्हणजे सगळ्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल अशा रीतीने, त्यांचा मेळ घालायचा, म्हणजे जितक्या दिशा तितकी समीकरणे मांडावी लागतात. गाउस म्हणतो, ती सगळी एकदम सोडवू नका. ज्या एका राशीत बदल केल्याने सर्वांत मोठी शिल्लक (समीकरणात अजून उरलेला फरक) खाली येते, ती राशी आधी सुधारा, उरलेल्या शिल्लका नव्याने मांडा, मग पुढची राशी घ्या. शिवाय तो एक युक्ती सांगतो. एक दिशा शून्य धरून मोकळे होण्याऐवजी तिलाही अज्ञात माना, म्हणजे सगळ्या शिल्लकांची बेरीज प्रत्येक पायरीला शून्यच आली पाहिजे, आणि ती आली नाही तर चूक त्याच ओळीत आहे हे लगेच कळते. ताळा पाहण्याची सोय गणिताच्या मांडणीतच करून ठेवणारा माणूस शेतात, डोंगरात उन्हातान्हात मोजणी करून आलेला असतो. खोलीत बसून सिद्धान्त लिहिणाऱ्याला ही गरज सहसा सुचत नाही. ट्रॅव्हर्स, म्हणजे ठाण्यामागून ठाणे मोजत नेलेली रेषा, हिशोबात बंद होत नाही म्हणून रात्री उशिरापर्यंत फील्डबुक चाळणाऱ्या कोणालाही हे पटेल.

गाउस या मोजणीत ओढला गेला तो हाइनरिख शूमाखरमुळे. शूमाखर डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने हॅम्बुर्गलगतच्या आल्टोना गावी वेधशाळा चालवत होता आणि डेन्मार्कच्या उत्तर टोकाला असलेल्या स्कागेनपासून दक्षिणेला लाउएनबुर्गपर्यंत याम्योत्तरावरील, म्हणजे उत्तर-दक्षिण रेषेवरील, कंस मोजण्याची योजना त्याने हाती घेतली होती. हाच कंस पुढे हॅनोव्हर राज्यातून दक्षिणेकडे वाढवावा, असा आग्रह त्याने आपल्या जुन्या गुरूला पत्रातून धरला. योगायोग असा की आल्टोना आणि ग्योटिंगेन इथल्या वेधशाळा जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत आणि त्यांच्या अक्षांशांत सुमारे दोन अंशांचे अंतर आहे. कंस मोजायला यापेक्षा सोयीची जोडी मिळणे कठीण होते. १८१८ च्या शरद ऋतूत गाउस शूमाखरच्या त्रिकोणांशी सांधा जुळवण्यासाठी ल्युनेबुर्गच्या मनोऱ्यावर चढला. तेथून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या हॅम्बुर्गच्या मिखाएल चर्चकडे दुर्बीण रोखली असता तिथल्या एका खिडकीच्या काचेवरून परावर्तित झालेला सूर्य त्याच्या डोळ्यांत चमकला आणि वेधात व्यत्यय आणू लागला. दुसऱ्या कोणी ती वेळ टळू दिली असती आणि विषय तिथेच संपला असता. गाउसने मात्र त्या त्रासदायक उजेडातूनच १८२१ साली हेलिओट्रोप तयार केला. आरशाने सूर्याचा किरण नेमका दूरच्या ठाण्याकडे फेकायचा आणि त्या ठाण्याने तो ठिपका ताऱ्यासारखा वेधायचा, असे ते उपकरण. ब्रेमेनचा खगोलशास्त्रज्ञ मित्र ओल्बर्स आणि शूमाखर यांना लिहिलेल्या पत्रांत या शोधाचा जो आनंद दिसतो, तो त्याच्या मोठमोठ्या प्रमेयांच्या पत्रांतही क्वचितच सापडतो. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हीच उपकरणे हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात आणली.

या मोजणीतला सर्वांत मोठा त्रिकोण होहेनहागेन, ब्रोकेन आणि इन्सेल्सबर्ग या तीन शिखरांचा. त्याच्या बाजू साधारण ६९, ८५ आणि १०६ किलोमीटर आहेत. पृथ्वीचा पृष्ठभाग वक्र असल्यामुळे अशा त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांहून थोडी अधिक भरते. या त्रिकोणात ते आधिक्य सुमारे १४.८५ विकला, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाच्या पंधरापटीहून किंचित कमी आहे. पृथ्वी नेमका गोल असती तर हे आधिक्य तिन्ही कोनांत सारखे वाटून टाकता आले असते. ती ध्रुवांकडे चपटी असल्याने तिन्ही कोनांचा वाटा किंचित निराळा पडतो. गाउसने ते वाटे काढले तेव्हा तिन्ही ४.९५१ विकलांच्या आसपास आले आणि त्यांच्यात फरक पडला तो दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या स्थानावर. त्या काळचे काय, आजचेही कोणते थिओडोलाइट (कोन मोजण्याचे उपकरण) हा फरक दाखवू शकणार नाही. १ मार्च १८२७ रोजी ओल्बर्सला लिहिताना गाउस स्वतःच हे कबूल करतो आणि म्हणतो की पृथ्वीवर मोजता येणाऱ्या मोठ्यात मोठ्या त्रिकोणातही हा फरक व्यवहारात नगण्य आहे, तरी त्याचे स्वरूप स्वच्छपणे समजून घेणे ही शास्त्राच्या प्रतिष्ठेची मागणी आहे. त्याच वर्षी त्याने वक्र पृष्ठभागांवरचा आपला सिद्धान्त विद्वत्सभेपुढे मांडला आणि त्यात हाच त्रिकोण उदाहरण म्हणून घेतला.

आपल्याकडचे प्रमाण कळावे म्हणून मी नकाशावर पारसिकच्या डोंगराचे उत्तर टोक, मलंगगड आणि कर्नाळ्याचा सुळका असा त्रिकोण मांडून पाहिला. क्षेत्रफळ साधारण अडीचशे चौरस किलोमीटर येते, आणि दर १९७ चौरस किलोमीटरला एक विकला या हिशोबाने आधिक्य जेमतेम सव्वा विकला. आमच्या कामावर येणाऱ्या टोटल स्टेशनची (कोन आणि अंतर दोन्ही मोजणाऱ्या उपकरणाची) अचूकता एक ते पाच विकलांच्या दरम्यान असते, त्यामुळे हा त्रिकोण सपाट कागदावरचा मानला तरी कोणाचे काही बिघडत नाही. शिवाय पावसाळा सरल्यानंतरचे मोजके दिवस सोडले तर ही तिन्ही टोके एकमेकांना दिसतील असे हवेत उरलेले नाही. ल्युनेबुर्गच्या सपाट, झाडीच्या माळावर गाउसची अडचण वेगळी होती. तिथे दोन ठाण्यांना एकमेकांचे दर्शन व्हावे म्हणून जंगलातून सरळ पट्टे तोडावे लागत. उन्हाळे, खराब मुक्काम आणि माळावरचा उकाडा यांच्याबद्दलच्या तक्रारी त्याच्या या वर्षांतल्या पत्रांत भरपूर आहेत, पण त्यांत मला विशेष रस वाटत नाही. शेतावर काम करणारा प्रत्येक मोजणीदार तशाच तक्रारी करत आला आहे.

होहेनहागेनच्या त्रिकोणाबद्दल एक कथा वारंवार सांगितली जाते, की युक्लिडची भूमिती प्रत्यक्ष अवकाशाला लागू पडते का हे तपासण्यासाठीच गाउसने तो मोजला. मला ती कथा ओढूनताणून आणलेली वाटते. त्रिकोण मोजला तो मोजणीच्या त्रिकोणांचे जाळे बांधण्यासाठी. त्याचे कोन अपेक्षेइतके जुळले याचा उपयोग त्याने नंतर विचारात घेतला असेल, पण मोजणीचा हेतू तो नव्हता. मात्र भूमितीच्या पायाविषयीचा त्याचा विचार याच मित्रांच्या पत्रांतून बाहेर पडला, आणि ही गोष्ट मला त्या कथेपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. २७ जानेवारी १८२९ च्या पत्रात तो बेसेलला सांगतो की या विषयावरचे आपले संशोधन आपण प्रसिद्ध करणार नाही, कारण जाड बुद्धीच्या लोकांची ओरड आपल्याला नको आहे. १८३१ साली शूमाखरने त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोन असते याची एक सिद्धता त्याला पाठवली. वर्षानुवर्षे प्रत्यक्ष त्रिकोण मोजत आलेल्या माणसाने ती सिद्धता रचलेली होती आणि तिच्यात त्रिकोणाच्या बाजू अनंतापर्यंत वाढवलेल्या होत्या. १२ जुलैच्या उत्तरात गाउसने त्याला ठामपणे बजावले की अनंत ही पूर्ण झालेली राशी मानून वापरणे गणितात कधीच मान्य नाही. मोजणीच्या मैत्रीतून आलेली ही चकमक नसती, तर ते वाक्य कदाचित लिहिले गेलेच नसते.

बेसेलला मात्र ही मोजणी गाउसचा वेळ खाते असे वाटत होते. इतके मोठे डोके कोन मोजण्यात आणि हिशोबात खर्ची पडावे हे त्याला सहन होत नव्हते आणि त्याने तसे स्पष्ट लिहिले. गाउसने १४ मार्च १८२४ रोजी दिलेले उत्तर या सगळ्या पत्रव्यवहारातले माझ्या सर्वांत आवडीचे पत्र आहे. जगातल्या साऱ्या मोजण्या एकत्र केल्या तरी शास्त्राला खरोखर पुढे नेणाऱ्या एका प्रमेयाची बरोबरी त्यांना येणार नाही, हे तो आधी मोकळेपणाने मान्य करतो. पण मग म्हणतो की किंमत निरपेक्ष करू नये, सापेक्ष करावी. आपले त्रिकोण हॉलंडमधल्या क्रायेनहोफच्या त्रिकोणांशी जोडले जातील आणि त्यांच्यामार्फत फ्रेंच व इंग्रज मोजण्यांशी, हे त्याचे समर्थन. एकट्या हॅनोव्हरच्या नकाशाला त्याने फार किंमत दिली नसती. जाळे जितके पसरेल तितकी प्रत्येक गाठ घट्ट होते, हा विचार आज आम्ही एका बेंचमार्कवरून (मोजणीच्या पक्क्या खुणेवरून) दुसऱ्यावर जाताना गृहीत धरतो. यात पैशाचाही भाग होता, आणि तो लपवण्याचे कारण नाही. गाउसचा पगार बरीच वर्षे वाढलेला नव्हता आणि मोजणीच्या कामाचे त्याला वेगळे मानधन मिळत होते.

बेसेलची स्वतःची कथा याहून विलक्षण आहे. तो ब्रेमेनच्या एका व्यापारी पेढीवर उमेदवारी करणारा मुलगा होता. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेली. १८०४ साली त्याने १६०७ च्या जुन्या वेधांवरून हॅलीच्या धूमकेतूची कक्षा काढून ती ओल्बर्सला दाखवली. ओल्बर्स हा ब्रेमेनचा डॉक्टर, दिवसा रोगी तपासणारा आणि रात्री घराच्या वरच्या मजल्यावरून धूमकेतू शोधणारा. खगोलशास्त्राची आपण केलेली सर्वांत मोठी सेवा म्हणजे बेसेलला शोधून काढणे, असे तो पुढे म्हणत असे. पुढे बेसेलला क्योनिग्सबर्गच्या वेधशाळेची जागा मिळाली, पण प्राध्यापक व्हायला पदवी लागते आणि ती त्याच्याकडे नव्हती. तेव्हा गाउसच्या शिफारशीने ग्योटिंगेनने त्याला डॉक्टरेट देऊन टाकली.

या बेसेलने १८१६ च्या सुमारास ग्रिनिचची एक जुनी हकीकत वाचली. १७९६ साली तिथल्या राजज्योतिषी मास्केलाइनने आपला साहाय्यक किनेब्रुक याला कामावरून काढले होते, कारण तारा दुर्बिणीतल्या तारेवरून सरकतानाची त्याने नोंदलेली वेळ मास्केलाइनच्या वेळेपेक्षा सुमारे ०.८ सेकंदाने उशिराची येत असे. त्या काळी वेध घेताना कानाने घड्याळाचे ठोके मोजायचे, डोळ्याने ताऱ्याची चाल पाहायची आणि दोन ठोक्यांच्या मधला दशांश मनाने ठरवायचा, अशी रीत होती. मास्केलाइनला हा हलगर्जीपणा वाटला. बेसेलच्या मनात प्रश्न आला तो वेगळाच, की दोघेही काळजीपूर्वक काम करत असतील आणि तरीही माणसागणिक वेळ वेगळी येत असेल तर काय. त्याने वाल्बेकसोबत तेच तारे पाहून तुलना केली, तेव्हा फरक १.०४१ सेकंद आला. आर्गेलांडरसोबत तो १.२२३ सेकंद आला. हे सगळे नावाजलेले वेधकार होते. ठाणे शहराच्या अक्षांशावर रेखांशातला वेळेचा एक सेकंद सुमारे ४४० मीटर भरतो, म्हणजे बेसेल आणि आर्गेलांडर या दोघांनी तारेवरून तारे सरकताना पाहून एकाच ठिकाणचा रेखांश काढला असता, तर दोघांच्या नकाशांत ते ठिकाण अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतराने सरकले असते. आणि दोघांपैकी कोणालाही आपल्या वेधात काही खोट दिसली नसती. हा वैयक्तिक फरक दुसऱ्या माणसाच्या आकड्याशेजारी आपला आकडा ठेवल्याशिवाय प्रकट होत नाही, आणि बहुतेक वेळा तो दुसरा माणूस शेकडो मैलांवरच्या वेधशाळेत असे. त्यामुळे वेधकारांनी आपापले फरक तिसऱ्या कोणामार्फत जुळवून घेण्याची, कोण कोणापेक्षा किती लवकर पाहतो हे पत्रांतून एकमेकांना कळवण्याची रीत पडत गेली. किनेब्रुकची नोकरी मात्र गेली ती गेलीच.

बेसेलचे नाव सर्वत्र झाले ते १८३८ मध्ये. हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे वार्षिक लंबन, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या जागेत दिसणारा किंचित बदल, त्याने हेलिओमीटर या बारीक कोन मोजणाऱ्या दुर्बिणीने मोजले आणि २३ ऑक्टोबर १८३८ च्या पत्राने ते इंग्लंडमधल्या खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलला कळवले. आकडा ०.३१३६ विकला. ठाणे स्टेशनवर उभे राहून नेरूळ स्टेशनवर धरलेले दहा रुपयांचे नाणे जेवढे दिसेल, साधारण तेवढा हा कोन. ताऱ्याचे अंतर त्यावरून प्रकाशाला १०.३ वर्षे लागतील एवढे निघाले. आजचा आकडा ११.४ वर्षांचा आहे. हे पत्र रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. त्यात बेसेल निष्कर्षापेक्षा पद्धतीवरच अधिक लिहितो, कोणत्या दोन मंद ताऱ्यांशी तुलना केली, किती रात्री, तापमानाचा परिणाम कसा वगळला. लंबन सापडल्याचे दावे त्याआधी अनेकदा झाले होते आणि अनेकदा कोसळले होते, त्यामुळे वाचणारा शंका घेणारच असे धरून ते पत्र लिहिलेले आहे. मोजणीवाल्या वाचकांसाठी एवढे नोंदवतो, की ताऱ्याचे अंतर मोजणाऱ्या याच बेसेलने बायर या सैनिकी अधिकाऱ्याच्या साथीने पूर्व प्रशियाची कंसमोजणीही केली होती. तिची क्योनिग्सबर्गजवळची आधाररेषा १८३४ साली मोजली गेली, लांबी जेमतेम १.८ किलोमीटर, आणि त्या मोजणीचा ग्रंथही १८३८ सालीच निघाला. आखूड आधाररेषा अतिशय नेटाने मोजायची आणि कोनांनी ती वाढवत न्यायची, ही रीत दोन्हीकडे एकच. ताऱ्याच्या बाबतीत आधाररेषा पृथ्वीच्या कक्षेची होती एवढेच.

या सगळ्या पत्रांना एक घर होते, ते शूमाखरचे. त्याने १८२१ साली आल्टोनाहून 'ॲस्ट्रोनॉमिशे नाखरिख्टेन' हे नियतकालिक सुरू केले. ते आजही निघते. सुरुवातीच्या अंकांत लेख म्हणून जे छापलेले आहे, त्यातले बरेचसे संपादकाला आलेली पत्रेच आहेत, आणि मथळाही तसाच, अमुक प्राध्यापकाचे संपादकास पत्र. खासगी पत्र आणि शास्त्रीय लेख यांच्यातली भिंत तेव्हा फार पातळ होती. डॉरपाटचा स्ट्रूव्ह, ज्याचा नॉर्वेपासून काळ्या समुद्राजवळपर्यंतचा सुमारे २,८२० किलोमीटरचा कंस आता जागतिक वारसा यादीत आहे, तोही याच वर्तुळातला. त्याच्याविषयी कधीतरी स्वतंत्रपणे लिहीन.

हे वर्तुळ आपल्यापर्यंतही येते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली जहाजांना वेळ कळावी म्हणून कुलाब्याला वेधशाळा उभारली. गाउस आणि वेबर व हुम्बोल्ट हे शास्त्रज्ञ यांच्या प्रेरणेने जगभर पृथ्वीच्या चुंबकत्वाचे एकाच वेळी वेध घेण्याची योजना आकाराला आली, तेव्हा १८४१ पासून कुलाबाही तिच्यात सामील झाला. सामाईक वेधांची वेळ ठरायची ती ग्योटिंगेनच्या घड्याळाने, आणि तिथे मध्यरात्र झाली की कुलाब्याला पहाटेचे चार वाजून अकरा मिनिटे झालेली असत. प्रा. आर्लिबार यांच्या हाताखाली तिथे काम केलेल्यांत केरो लक्ष्मण छत्रे होते, ज्यांनी पुढे १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधांचे काम समुद्रापलीकडे अलिबागला नेण्यात आले. ठाण्यातल्या शाळांच्या सहली अलिबागला नेहमी जातात, किल्ला आणि किनारा पाहून परत येतात. चुंबकीय वेधशाळेचे नाव फारसे कोणी घेत नाही.

मला सर्वांत जवळचे वाटणारे पत्र मात्र आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून हिंदुस्थानात आलेले आहे. गोदावरी आणि कृष्णा यांच्या मधल्या जंगलात मोजणी करताना तापाने खचलेला जॉर्ज एव्हरेस्ट १८२० साली हवापालटासाठी केप वसाहतीत गेला. तिथे १७५२ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लाकाय याने एक कंस मोजला होता. त्याचा निकाल खरा मानला तर दक्षिण गोलार्धाचा आकार उत्तरेपेक्षा वेगळा ठरत होता आणि सत्तर वर्षे कोणाला त्याचा उलगडा होत नव्हता. एव्हरेस्टने लाकायची ठाणी स्वतः फिरून पाहिली आणि आपला वरिष्ठ विल्यम लॅम्बटन याला सविस्तर पत्र लिहिले. दक्षिणेकडचे ठाणे टेबल माउंटनच्या पायथ्याशी आहे, उत्तरेकडचे पिकेटबर्गच्या डोंगराजवळ, तेव्हा दोन्ही ठिकाणी डोंगराच्या ओढीने ओळंबा तिरपा झाला असणार आणि अक्षांशच चुकले असणार, असा त्याचा निष्कर्ष होता. हे पत्र लंडनच्या ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या पहिल्याच खंडात छापले गेले. केपच्या वेधशाळेच्या मॅक्लिअरने १८४० च्या दशकात तो कंस नव्याने मोजला आणि एव्हरेस्टचा संशय बरोबर ठरला. लॅम्बटन ते पाहायला नव्हता. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट इथे त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे.

यातला विचित्र भाग पुढे येतो. एव्हरेस्टने स्वतः हिंदुस्थानचा मोठा कंस पूर्ण केला तेव्हा कल्याणपूर आणि कलियाना या ठाण्यांमधल्या अक्षांशाचे अंतर त्रिकोणांवरून ५ अंश २३ कला ४२.२९४ विकला आले आणि ताऱ्यांवरून ५ अंश २३ कला ३७.०५८ विकला. फरक ५.२३६ विकलांचा. कलियाना हिमालयाच्या जवळचे ठाणे. केपला एका टेबल माउंटनवर बोट ठेवणाऱ्या माणसाने इथे हिमालयाकडे पाहायला हवे होते, असे आपल्याला वाटते. त्याने मात्र हा फरक मोजणीतली साठत आलेली चूक समजून त्रिकोणांत वाटून टाकला. कलकत्त्याचा आर्चडीकन जॉन प्रॅट याने हिमालयाच्या ओढीचे गणित केले तेव्हा उत्तर आले १५.८८५ विकला, म्हणजे प्रत्यक्ष फरकाच्या तिप्पट. आता प्रश्न उलटा झाला, हिमालय इतका कमी का ओढतो. ग्रिनिचच्या जॉर्ज एअरीने त्याचे उत्तर दिले, की उंच डोंगरांखाली हलक्या खडकाची मुळे खोलवर गेलेली असतात आणि वरच्या वस्तुमानाची ओढ खालच्या या हलकेपणामुळे बरीचशी भरून निघते. दोघांचे निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या १८५५ च्या खंडात एकापाठोपाठ एक आहेत. प्रॅटचा ४८ पानांचा, आकडेमोडीने गच्च भरलेला, आणि त्याला लागूनच एअरीचा ४ पानांचा. कोणाला वाचायचेच असेल तर एअरीपासून सुरुवात करावी, आणि प्रॅटकडे वळताना कागद-पेन्सिल जवळ ठेवावी.